दोन तास बोट धरून

१० जानेवारी १९२७, बर्लिन. बाहेर थंडी मी म्हणतेय आणि तुम्ही उफा-पालास्ट थिएटरात अंग चोरून बसलाय. पडद्यावर फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ सुरू झालाय. ४,१८९ मीटर फिल्म, म्हणजे अडीच तासांचा ऐवज. गॉटफ्रीड हुपर्ट्झचं संगीत ऑर्केस्ट्रा समोरच वाजवतोय. नीट बघून घ्या. अख्खा ‘मेट्रोपोलिस’ यापुढे फार थोड्यांना दिसणार आहे.

कारण अमेरिकी वितरक पॅरामाउंटची कात्री चालू झालीच आहे, आणि थोड्या महिन्यांत जर्मनीतही छाटलेलीच प्रत फिरेल. जवळजवळ चौथा हिस्सा उडणार. त्यात हेल नावाच्या स्त्रीचं स्मारक जाणार. अमेरिकनांना म्हणे त्या नावात ‘नरक’ ऐकू आला! पण हेलच गेली, तर संशोधक रोटवांग शहराच्या मालकावर, फ्रेडरसनवर, एवढा का खवळलाय, हे प्रेक्षकाला कळावं कसं?

जर्मनीत कात्री चालण्याआधीच एक प्रत मात्र निसटते. अडोल्फो विल्सन नावाचा अर्जेंटिनाचा वितरक ती विकत घेतो आणि ब्यूनस आयर्सला नेतो. चला, त्या डब्यांबरोबर तुम्हीही निघा.

आता १९५९. ब्यूनस आयर्समधल्या एका फिल्म क्लबाची प्रोजेक्टरची खोली. प्रत एव्हाना एका समीक्षकाच्या संग्रहात गेली आहे, तिथून आजच्या खेळापुरती आणलेली. खोलीत तापलेल्या दिव्याची धग आहे. नायट्रेटची जुनी फिल्म आकसलीय, त्यामुळे प्रोजेक्टरच्या फटीत ती नीट बसत नाही आणि पडद्यावर चित्र उड्या मारतं. क्लबचा साल्वादोर सामारितानो वैतागून तिच्यावर बोट दाबतो. चित्र स्थिरावतं. बोट उचललं की पुन्हा उड्या. मग काय, उभा राहतो बिचारा तसाच, दोन तासांहून अधिक वेळ. तुम्ही शेजारीच आहात. हवं तर थोडा वेळ तुम्ही धरा. कातडीखालून एकेक फ्रेम सरकताना जाणवेल.

नायट्रेट म्हणजे घरात ठेवलेली दारूगोळ्याची पेटी. म्हणून पुढे कधीतरी तिची सोळा मिलिमीटरवर नक्कल होते आणि मूळ प्रत नष्ट केली जाते. नक्कल करण्याआधी फिल्म पुसायला हवी होती, तेवढे कष्ट कोणी घेतले नाहीत. शेकडो खेळांचे ओरखडे आणि तेलाचे डाग चित्रासकट छापले गेले, वर चौकटही कडेनं कापली गेली. रागवू नका. याच निष्काळजी माणसांनी ती वाचवलीय.

सामारितानो ती बोटाची तक्रार पुढे सांगत राहतो. फर्नांडो मार्तिन पेन्या हा चित्रपट-इतिहासकार ती ऐकतो आणि दुखऱ्या बोटाला सोडून नेमका तासांना अडकतो. दोन तासांहून जास्त? जगभर चालणारा ‘मेट्रोपोलिस’ एवढा लांब नाहीच!

२००८. ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयाची सूत्रं नुकतीच पाउला फेलिक्स-दिदिएकडे आलीत. ती आणि पेन्या तिथे पडून असलेल्या त्या नकलेचे डबे उघडतात, तुम्ही खांद्यावरून वाकून बघा. पावसात भिजावं तशी ओरखड्यांनी भरलेली चित्रं, आणि त्या पावसाआड ऐंशी वर्षं बाकी जगानं न पाहिलेले प्रसंग.

मग जर्मनीत या प्रतीची संगणकावर फ्रेमन् फ्रेम धुतली जाते. जेवढं जातं तेवढं जातं; उरलेले ओरखडे तसेच ठेवावे लागतात. कुठला तुकडा कुठे लावायचा हे सांगतं हुपर्ट्झचं संगीत. त्याच्या पियानोच्या प्रतीत हजारावर ठिकाणी पडद्यावर काय चाललंय त्याची नोंद आहे.

१२ फेब्रुवारी २०१०. पुन्हा बर्लिन, पुन्हा कडाका. या वेळी फ्रीडरिश्टाटपालास्ट. लखलखीत चित्र मध्येच मळकं होतं, कडेला काळी पट्टी उमटते: ब्यूनस आयर्स आलं! कामगार ११८११ दुसऱ्याचे कपडे घालून मोटारीत बसलाय आणि योशिवारा या रंगमहालाची जाहिरातपत्रकं त्याच्यावर बरसताहेत. असे पंचवीसेक मिनिटांचे तुकडे परतलेत.

रोटवांग आणि फ्रेडरसनची झटापट मात्र ब्यूनस आयर्सच्या प्रतीतही सापडली नाही. तो प्रसंग येतो, पडद्यावर नुसती मजकुराची पाटी लागते, आणि खाली ऑर्केस्ट्रा मारामारी वाजवत राहतो.