संत कोलंबानुस : ख्रिस्तासाठी परदेशी झालेले मठाधिपती

दरवर्षी २३ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा पोप संत क्लेमेंट पहिले यांच्यासमवेत आयरिश मठाधिपती संत कोलंबानुस यांचेही स्मरण करते. आयोना बेटावर मठ स्थापन करून ५९७ साली निधन पावलेले संत कोलंबा हे वेगळे. दोघेही आयरिश, दोघांच्याही नावाचे मूळ ‘कबूतर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. त्यामुळे गल्लत होते. कोलंबानुस यांचे चरित्र बॉबियो मठातील योनास या मठवासीयाने त्यांच्या निधनानंतर पंचवीस-तीस वर्षांत लिहिले. त्या चरित्राच्या आणि खुद्द संतांच्या पत्रांच्या आधारे त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि पाचारण

कोलंबानुस यांचा जन्म सुमारे ५४० साली आयर्लंडमधील लेन्स्टर प्रांतात झाला. व्याकरण, काव्य आणि पवित्र शास्त्र यांचा त्यांनी लहानपणापासून अभ्यास केला. देखण्या तरुणाला मोहाचे प्रसंग चुकले नाहीत. एका एकांतवासी स्त्रीने घर सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांच्या आईने दाराच्या उंबऱ्यावर आडवे पडून वाट अडवली. तिला ओलांडून ते निघाले, असे योनास सांगतो. पुढे बँगोर येथे संत कोमगाल यांच्या कडक शिस्तीच्या मठात त्यांनी अनेक वर्षे व्यतीत केली.

त्या काळच्या आयरिश मठवासीयांमध्ये एक खडतर परंपरा होती. ख्रिस्ताच्या प्रीतीखातर मायदेश कायमचा सोडणे आणि परक्या भूमीत यात्रिक म्हणून जगणे, हा सर्वोच्च त्याग मानला जाई. वयाची पन्नाशी गाठत असताना, सुमारे ५९० साली, बारा सोबती घेऊन कोलंबानुस समुद्र ओलांडून गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये आले.

अरण्यातील मठ

वोज पर्वतराजीत आनग्रे येथील एका पडक्या रोमन किल्ल्यात त्यांनी पहिला मठ वसवला. आरंभी झाडांच्या साली आणि रानभाजी खाऊन दिवस काढावे लागले. एका अस्वलाने आपली गुहा त्यांना प्रार्थनेसाठी मोकळी करून दिली, ही आख्यायिका याच काळातील. तरुणांची रीघ लागली, तेव्हा उष्ण झऱ्यांच्या लुक्सय येथे दुसरा व फोंतेन येथे तिसरा मठ उभा राहिला.

त्यांची नियमावली कठोर होती. भोजनाच्या प्रार्थनेला ‘आमेन’ न म्हणणाऱ्याला सहा फटके, अशी शिक्षा तिच्यात आढळते. आजच्या वाचकाला ती बोचेल आणि त्यात नवल नाही. कालांतराने लुक्सयमध्ये संत बेनेडिक्ट यांची सौम्य नियमावली तिच्या जोडीला आली.

आत्म्याचे वैद्य

आपण ज्या रीतीने पापनिवेदन करतो, ती रीत रूढ होण्यात या मठवासीयांचा मोठा वाटा आहे. प्राचीन ख्रिस्तसभेत गंभीर पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे आणि ते आयुष्यात एकदाच घेता येई. त्यामुळे अनेक जण ते मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकीत. आयरिश धर्मगुरूंनी खासगी आणि पुन्हापुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची प्रथा युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. पाप हा रोग, धर्मगुरू हा वैद्य आणि प्रायश्चित्त हे औषध, अशी कोलंबानुस यांची धारणा होती. म्हणून औषध रोगाच्या उलट हवे : बडबड्याला मौन, खादाडाला उपवास, झोपाळूला जागरण. पुढे १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे सर्व भाविकांना बंधनकारक केले.

ईस्टरचा वाद

ईस्टरची तारीख ठरवण्यासाठी आयरिश लोक ८४ वर्षांचे जुने चक्र वापरीत. गॉलमधील बिशपांचे गणित निराळे होते. कोलंबानुस आपल्या पूर्वजांच्या गणनेला चिकटून राहिले आणि सुमारे ६०० साली त्यांनी थोर पोप संत ग्रेगरी यांना सविस्तर पत्र लिहिले. ६०३ साली बिशपांनी धर्मसभा भरवली, तेव्हा ते स्वतः हजर झाले नाहीत. पत्र पाठवून त्यांनी विनवले, की या अरण्यात आम्हांला शांतपणे राहू द्यावे. या प्रश्नात त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही. खुद्द आयरिश ख्रिस्तसभेनेही कालांतराने रोमची गणना स्वीकारली.

राजाला नकार

बर्गंडीचा तरुण राजा थ्यूडरिक दुसरा हा कोलंबानुस यांचा आदर करी. परंतु विवाह न करता तो उपपत्नींसह राहत होता. कोलंबानुस त्याला वारंवार खडसावीत. राजाची आजी ब्रुनहिल्ड हिला मात्र नातवाने विवाह करणे नको होते. नवी राणी आली तर आपली सत्ता जाईल, अशी भीती तिला होती. तिने राजाच्या मुलांना आशीर्वादासाठी पुढे केले. कोलंबानुस यांनी आशीर्वाद नाकारला आणि ही मुले राजदंड धारण करणार नाहीत, असे स्पष्ट सांगितले.

एक आशीर्वाद दिला असता, तर वीस वर्षांच्या कष्टाने उभारलेले मठ सुरक्षित राहिले असते. पण तो आशीर्वाद म्हणजे राजाच्या वर्तनाला ख्रिस्तसभेची मान्यता ठरली असती. ६१० साली त्यांना हद्दपार करण्यात आले. सोबत केवळ आयरिश आणि ब्रिटन मठवासीयांना जाऊ दिले. नांत बंदरातून त्यांनी मागे राहिलेल्या शिष्यांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. अश्रू आवरत लिहिणारा हा कठोर गुरू त्यात शिष्यांना एकोप्याने राहण्याची कळकळीने विनवणी करतो.

आल्प्सपलीकडे

आयर्लंडकडे नेणारे गलबत किनाऱ्यावरच रुतले आणि मठवासी मुक्त झाले. ते ऱ्हाईन नदीने वर कॉन्स्टन्स सरोवराकाठी ब्रेगेंझ येथे पोहोचले. ६१२ साली तो प्रदेशही थ्यूडरिकच्या हाती गेला, म्हणून कोलंबानुस इटलीकडे निघाले. त्यांचे शिष्य संत गॉल तापाने आजारी असल्याने मागे थांबले. ते श्रम टाळत आहेत, असा संशय येऊन, आपण जिवंत असेपर्यंत मिस्सा अर्पण करू नये, असे गुरूंनी त्यांना बजावले. मृत्युसमयी मात्र क्षमेची खूण म्हणून आपली काठी त्यांच्याकडे पाठवली, असे संत गॉल यांच्या चरित्रात आहे. जेथे गॉल राहिले, तेथेच पुढे सेंट गॉलचा विख्यात मठ उभा राहिला.

लोंबार्ड राजा आगिलुल्फ हा आरियसपंथी होता; तरीही त्याने अपेनाईन पर्वतातील बॉबियो येथील संत पेत्राचे पडके मंदिर त्यांना दिले. ६१४ साली सत्तरी ओलांडलेले मठाधिपती स्वतः लाकडे वाहून बांधकामाला हातभार लावत होते. दरम्यान थ्यूडरिक मरण पावला होता आणि ब्रुनहिल्डला ठार करण्यात आले होते. नवा राजा क्लोटार दुसरा याने लुक्सयला परतण्याचे निमंत्रण पाठवले. ते त्यांनी नम्रपणे नाकारले. २३ नोव्हेंबर ६१५ रोजी बॉबियो येथे त्यांनी देह ठेवला.

वारसा

बॉबियोच्या ग्रंथालयाने अनेक प्राचीन हस्तलिखिते जतन केली. बँगोरमध्ये लिहिलेले प्रार्थनागीतांचे एक पुस्तकही तेथे होते. आज ते मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात आहे. १९५० साली लुक्सय येथील समारंभात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी एकसंध युरोप घडवू पाहणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून त्यांचा गौरव केला. ११ जून २००८ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या साप्ताहिक प्रवचनात त्यांचे जीवन विशद केले. १९१८ साली आयर्लंडमध्ये स्थापन झालेली मिशनरी धर्मगुरूंची संस्था त्यांचेच नाव धारण करते.

कोलंबानुस निर्दोष होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा आग्रह आणि कठोरपणा पुष्कळांना जाचला. परंतु ज्याने स्वतःचे घर आधीच ख्रिस्ताला देऊन टाकले, त्याला हद्दपारीची भीती कोणता राजा घालणार? आपल्या धर्मग्रामात एखादी मानाची व्यक्ती चुकत असताना आपली जीभ का अडखळते, हे त्यांच्या सणाच्या दिवशी आपण अंतःकरणाला विचारू या.

संत कोलंबानुस, आमच्यासाठी विनंती करा.