किशोरवयीन पालकत्व (निफाड परिसर)

वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आलेल्या आईपणाला वा बापपणाला किशोरवयीन पालकत्व म्हणतात. महाराष्ट्रात ते बहुतांशी बालविवाहातून येते, आणि बालविवाहाविषयीच्या वादात नाशिक जिल्ह्यातील निफाडचे नाव जुने आहे : येथे १८४२ मध्ये जन्मलेले न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याची बाजू घेतली, मात्र १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी स्वतः सुमारे अकरा वर्षांच्या रमाबाईंशी दुसरा विवाह केला होता. सुधारकालाही घरचा आग्रह मोडता आला नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुलींचे किमान विवाहवय १९२९ च्या शारदा कायद्याने १४, तर १९७८ च्या दुरुस्तीने १८ झाले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) राज्यातील १५–१९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या वा गरोदर आढळल्या.

निफाड तालुक्यात याचा संबंध हंगामी मजुरीशी आहे : येथे द्राक्षबागांच्या छाटणीसाठी पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात आणि उसाच्या हंगामात तोडणी कामगार उतरतात. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, जोडीमागे देतो, त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता वाढतो आणि मागे एकटी ठेवण्याची भीती वाटत असल्याने मुलीचेही लग्न लवकर उरकले जाते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते, आणि तान्हे पोर कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते. याच बहिणीची शाळा प्रथम सुटते व पुढचे लग्न तिचेच ठरते. सतराव्या वर्षी आई झालेल्या बाईची लेकही सतराव्या वर्षी आई झाली, तर ती चौतिसाव्या वर्षी आजी होते आणि मजुरी न सोडता नातवंडही सांभाळू लागते. आईची वाढ अपुरी असताना आलेले गरोदरपण, रक्तक्षय व कमी वजनाचे बाळ ही साखळीही लेकीपर्यंत पोहोचते. ती केवळ रूढीने टिकलेली नाही. मजुरीची घडणच तिला पोसते.

बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकाकडे असली, तरी लग्न मूळ गावी व हंगाम दुसऱ्या तालुक्यात अशी विभागणी झाल्याने कुटुंब कोणाच्याच नजरेत पुरते राहत नाही. शिवाय २०१२ च्या पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यान्वये अठरा वर्षांखालील गरोदर मुलीची माहिती पोलिसांना देणे रुग्णालयावर बंधनकारक असल्याने, नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या धास्तीने काही घरे तपासणीच टाळतात.