रक्ताचा थेंब आणि केसाएवढी वाट : तपासणीच्या चिपमधला प्रवाह एकसारखा कसा ठेवतात?

बोटाला सुई टोचून काढलेल्या एका थेंबावर तपासणी करायची, तर तो थेंब फार बारीक वाटेनं न्यावा लागतो. या तंत्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. काच, प्लास्टिक किंवा सिलिकॉन रबराच्या छोट्या चिपवर वाहिन्या कोरलेल्या असतात. त्यांची रुंदी साधारण 10 ते काहीशे मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, प्लेटलेट 2-3 मायक्रॉनची.

एकसारखा प्रवाह कशाला?

पेशी मोजणाऱ्या चिपचंच घ्या. ठराविक वेळात किती पेशी गेल्या हे यंत्र मोजतं. पण तेवढ्यात किती रक्त गेलं हे अनेकदा ठरवून दिलेल्या वेगावरून धरलं जातं. प्रवाह 10 टक्के मंदावला आणि यंत्राला कळलंच नाही, तर 1,00,000 प्लेटलेट 90,000 दिसतील. घरात डेंग्यूचा पेशंट असेल तर या फरकानं किती धावपळ होते, हे वेगळं सांगायला नको.

व्यासाचा हिशेब

फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांनी 1840 च्या दशकात बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम मांडला. दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा नाही, सोळाव्या भागावर येतो. व्यास नुसता 10 टक्क्यांनी घटला तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो. म्हणजे वाहिनीच्या भिंतीला थोड्या पेशी चिकटल्या तरी हिशेब बिघडला.

ठिबक लावणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. ड्रिपरमध्ये कचरा अडकला किंवा दाब कमी-जास्त झाला, की एका झाडाला पाणी जास्त, दुसऱ्याला कमी.

प्रवाह चालवायच्या तीन रीती

सिरिंज पंप : मोटर सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलते. किती द्रव जाणार हे ठरवता येतं. पण मोटर टप्प्याटप्प्यानं फिरते, त्यामुळे वेग फार कमी असला की प्रवाहाला हिसके बसतात. बारीक सिरिंज घेतली की ते कमी होतात.

हवेचा दाब : बंद बाटलीतल्या द्रवावर नियंत्रित दाब देतात. प्रवाह शांत चालतो. मात्र वाहिनी तुंबली तर दाब तोच राहतो आणि प्रवाह घटतो. म्हणून सोबत प्रवाह मोजणारा सेन्सर लावतात. त्याच्या आकड्यानुसार दाब आपोआप वाढतो-उतरतो.

केशाकर्षण : दिव्याची वात तेल ओढते तसं. पंपच नाही. घरोघरी असलेल्या ग्लुकोमीटरच्या अनेक पट्ट्या अशाच रक्त ओढून घेतात.

बिघाड कुठे होतो?

पहिला शत्रू हवेचा बुडबुडा. तो दाबला जातो, पुन्हा फुगतो. त्यामुळे पंप बंद केला तरी प्रवाह लगेच थांबत नाही. मऊ, लांब नळीही असंच करते. म्हणून नळी आखूड आणि कडक ठेवतात, वाहिनी आधी द्रवानं भरून घेतात.

दुसरं, रक्त पाण्यासारखं नाही. मंद वाहिलं की घट्ट वागतं. उलट, सुमारे 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत ते पातळ असल्यासारखं वाहतं. हे फॉरिअस आणि लिंडक्विस्ट यांनी 1931 मध्ये दाखवलं. सिरिंजमध्ये उभं राहिलं तर तांबड्या पेशी तळाला बसतात. गोठू नये म्हणून ईडीटीएसारखं रसायन घालतात.

आपल्या हातात काय?

साखर तपासताना बोट जोरात पिळू नका. पेशींभोवतालचं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. हात धुऊन कोरडे करा. थेंब पुरेसा मोठा येऊ द्या, पट्टीला तो एका दमात ओढू द्या. पट्टी अर्धवट भरली तर पाकिटावरची सूचना वाचा. शंका असेल तर नवी पट्टी घ्या. एक पट्टी वाया गेलेली परवडते, पण चुकीच्या आकड्यावर घेतलेलं औषध परवडत नाही.