परसातलं वांगं कोणाचं?

घरी भाजी लावणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. माती कुठली घेऊ? किती खोल खणू? पाणी रोज की दिवसाआड? पानांच्या कडा का जळतात? दोन महिन्यांत काय येईल? आंब्याला फळ कधी धरेल? फोनवर यातलं काहीही टाइप करा, अर्ध्या मिनिटात उत्तर हजर: इतकी माती, इतकं कोकोपीट, इतकं गांडूळखत. उत्तर बरोबरच असतं. पण ते कुंडीला लागू पडतं. कुंडी कुठेही ठेवता येते, गाव उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

पेण तालुक्यातलं गडब घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून दक्षिणेला निघालात की लागणारं गाव. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला अंबा नदी आणि धरमतरची खाडी. मधला सपाट पट्टा म्हणजे खारेपाट. या पट्ट्यातली बरीचशी जमीन माणसांनी बांध घालून खाडीकडून घेतलेली आहे. उधाणाचं पाणी बाहेर थोपवायचं आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, यासाठी बांधाला दरवाजे असतात. त्यांना इकडे उघाडी म्हणतात. बांध फुटला की ‘खांड गेली’. हे दोन शब्द माहीत नसतील, तर खारेपाटातल्या वांग्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कारण इथे मातीचा पहिला प्रश्न मिठाचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीचं पाणी एकदा शेतात शिरलं की पाणी जातं, मीठ राहतं. पावसाळ्यात ते विरघळून खाली जातं आणि माती गोड होते (खारेपाटात जमीन ‘गोड’ असते, ‘सुपीक’ वगैरे नंतर). दसऱ्यानंतर ऊन तापायला लागलं की दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी वर चढतं, हवेत उडून जातं आणि बरोबर आणलेलं मीठ वरच ठेवून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवर दिसणारी पांढरी साय ती हीच. पानांच्या कडा जळण्याचं कारणही बऱ्याचदा तेच. मुळांभोवती मीठ वाढलं की माती ओली असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही, आणि ओढलेल्या पाण्याबरोबर आलेलं मीठ पानाच्या टोकाला साठत जातं. अशा वेळी ‘खत कमी पडलंय’ म्हणून रासायनिक खत घातलं तर आणखी मीठच घातल्यासारखं होतं.

कुठलं पीक किती मीठ सोसतं याचा एक प्रसिद्ध तक्ता 1977 साली मास आणि हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. मातीतल्या पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षार मोजतात. त्या मापात समुद्राचं पाणी 50च्या आसपास. घेवड्याचं उत्पन्न 1च्या पुढे घसरू लागतं, कांद्याचं 1.2ला, टोमॅटोचं 2.5ला, बिटाचं 4ला. भाताचा आकडा मला सगळ्यात गमतीशीर वाटला: फक्त 3. म्हणजे शेकडो वर्षं खाजणात भात पिकतोय तो त्याला मीठ आवडतं म्हणून नव्हे. भात हे असं पीक आहे की ज्याच्या पायाशी गोडं पाणी साचवून ठेवता येतं, आणि ते साचलेलं पाणी मिठाला खाली दाबून धरतं. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खारट जमिनीसाठी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशा भाताच्या जाती काढल्या. वांग्या-मिरचीचं भाग्य एवढं थोर नव्हतं.

मग परसात काय होतं? दिनदर्शिका होती. पावसात मांडवावर शिराळं, घोसाळं, पडवळ, काकडी, कारलं, आणि बांधावर भेंडी. हौसेपेक्षा हिशोबाचा भाग मोठा: वर्षातले तेवढे महिने माती धुतलेली असते, आणि उंचवट्यावरची सगळ्यात आधी धुतली जाते. भात कापल्यावर जिथे जमीन गोड आणि ओल टिकून, तिथे वाल. ज्या वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजून थंडीत पोपटी होते, तो वाल शेंगवर्गातला, म्हणजे मिठाच्या बाबतीत नाजूक घराण्यातला. त्यामुळे पोपटीसाठी वाल कुठल्या शेतातून आणायचा हे गावाला न सांगता ठाऊक असतं.

आणि किती खोल खणायचं? व्हिडिओ म्हणतात, फूटभर तरी. खाजणातला शेतकरी भातासाठीसुद्धा जमीन फारशी उकरत नाही, कित्येक ठिकाणी मोड आणलेलं बी चिखलात फेकून मोकळा होतो. खालचं मीठ वर आणायचं नाही, हे त्यामागचं साधं कारण. परसातही खड्डा करण्यापेक्षा वाफा वर उचलावा, त्यावर भाताचा पेंढा पसरावा, आणि पाणी रोज घोटभर देण्यापेक्षा अधूनमधून भरपूर द्यावं, म्हणजे ते मीठ घेऊन खाली जाईल. झाडांमध्ये नारळ आणि चिकू बऱ्यापैकी सोसतात. आंबा नाही.

इथपर्यंत उत्तरं शेतीशास्त्राची झाली. पण आंब्याचा विषय निघाला की दुसरा प्रश्न समोर येतो, आणि तो आजच्या कुठल्याही बागकामाच्या यादीत सापडत नाही. झाड कोणाचं?

बांध घालणं एकट्या घराचं काम नव्हतं. 1883च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये पेणकडच्या शिलोत्री जमिनींची नोंद आहे. भांडवल घालून बाहेरचा मोठा बांध उभा करणारा तो शिलोत्रीदार, आणि बांध राखण्याबद्दल त्याला बिघ्यामागे मणभर भात मिळे. म्हणजे मीठ बाहेर ठेवण्याची किंमत ठरलेली होती, आणि ती कसणारा भरत होता. त्यावर पुन्हा जमिनीचा खंड. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात खोतीचा जाच इतका वाढला, की नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरीला सभा झाली आणि 25 गावांतल्या कुळांनी शेती कसायलाच नकार दिला. संप 1939पर्यंत चालला. लाकडं तोडून विकली, मासे धरले, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

चरीच्या संपाबद्दल आपण वाचतो ते भाताच्या वाट्याबद्दल. पण कुळांकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या कबुलायतींमध्ये आणखी एक गोष्ट असे: कुळानं लावलेली फळझाडं, शेतात पिकवलेला भाजीपाला, यांवरही खोताचा हक्क. एकदा हे कळलं की जुन्या परसाकडे बघायची नजर बदलते. कलम लावलं तर फळाला पाच-सहा वर्षं, कोयीपासून वाढवलं तर त्याहून जास्त. पुढच्या साली जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ठाऊक नसलेला माणूस आंबा कशाला लावेल? तो माठ पेरेल, मुळा लावेल, महिन्या-दीड महिन्यात खाऊन मोकळा होईल. कोणतं झाड लावायचं हे मातीच्या आधी करारानं ठरत होतं.

(पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारे आम्ही कोथिंबीर, पुदिना आणि मायक्रोग्रीनच का लावतो, याचं उत्तरही इथेच आहे. ‘दोन महिन्यांत काय येईल?’ हा आमचा पहिला प्रश्न असतो, आणि आमचं अधीर असणं हे त्याचं एकमेव कारण नाही.)

आता 1948 साल. त्या वर्षी मुंबई राज्यानं दोन कायदे केले. क्रमांक 67 हा कुळवहिवाटीचा, आणि पाचच क्रमांक पुढे, 72 हा खार जमिनींचा. एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे हे दोन कायदे वेगवेगळ्या कपाटांत असतात. गडबसारख्या गावात मात्र दोन्ही एकाच परसात येतात. एक मिठाचं बघतो, दुसरा मालकीचं.

कुळकायदा म्हटलं की 1 एप्रिल 1957चा कृषक दिन आणि कसेल त्याची जमीन एवढं आठवतं. त्यातली कलमं 16 ते 20 फार कोणी वाचत नाही. मी वाचली, आणि ती मला बागकामाच्या पुस्तकातली वाटली. कलम 16: मालकाच्या जागेवर कुळानं किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वखर्चानं घर बांधलेलं असेल तर सहजासहजी त्याला तिथून काढता येणार नाही, आणि या संरक्षणात नुसत्या भिंती नाहीत, घराला लागून असलेली, वापरासाठी लागणारी जमीनही येते. म्हणजे परस. कलम 17: ती जागा विकायची झाली तर पहिला हक्क कुळाचा. कलम 19: कुळानं लावलेल्या झाडाचं फळ आणि लाकूड कुळाचं, आणि कूळ म्हणून हक्क संपला तर झाडाची भरपाई. कलम 20: आपोआप उगवलेल्या झाडाच्या उत्पन्नाचे दोन हिस्से कुळाचे, एक मालकाचा. पक्ष्यानं टाकलेल्या बीचा सुद्धा हिशोब! ज्या कोणी मसुदा लिहिला त्याला गावात भांडण नेमकं कशावरून होतं हे पक्कं ठाऊक असणार.

कागदावरचं सगळं जमिनीवर उतरलं असं नाही. सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागणं हीच अनेकांसाठी मोठी लढाई होती. पण निदान प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं. वांगं लावणाऱ्याचं.

मिठाच्या कायद्याचं काम याहून किचकट. जमीन एकेकाच्या नावावर करता येते, बांध करता येत नाही. शिलोत्रीदार आपल्या मणभर भातासाठी का होईना, बांधावर नजर ठेवून होता. जमीन कसणाऱ्यांची झाल्यावर ती नजर कोणी ठेवायची? 1948च्या कायद्यानं त्यासाठी मंडळ नेमलं, 1979मध्ये त्याच्या जागी महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. आज काही बांध सरकारी योजनेतले आहेत, काही खाजगी. उधाणाला हा फरक कळत नाही. शिंपल्या-खेकड्यांनी केलेलं बोटभर भोक मोठ्या भरतीला हातभर होतं, त्याची खांड होते, आणि मग पाणी आधी भातात आणि मग घराच्या मागच्या वाफ्यात. दोन-तीन हंगाम तसंच राहिलं तर शेतात तिवरं उभी राहतात. तिवरं वाढली की ते कांदळवन, आणि कांदळवन तोडायला कायद्यानं बंदी. कालचं शेत आज वन होतं, सातबाऱ्यावर नाव मात्र शेतकऱ्याचंच असतं.

खांड बुजवल्यावर परसात पुन्हा काय लावायचं, हा प्रश्न गडबच्या बाजूला आजही विचारला जातो, आणि त्याचं उत्तर फोनवर नाही, शेजारी मिळतं. पहिल्या पावसात काही नाही, नुसतं पाणी साचू द्यायचं आणि उघाडीवाटे सोडायचं. दुसऱ्या पावसात उंचवट्यावर भेंडी लावून बघायची. भेंडी नीट आली तर पुढच्या थंडीत कोपऱ्यात चार वाल टोचायचे. वाल धरला की मग वांगी-मिरचीचं रोप आणायला हरकत नाही. आंब्याचं कलम घ्यायला घाई करू नये, असं शेजारीण सांगते, आणि तिच्या दाराचा नारळ दाखवते.