बडोद्याचे पाणी आणि पोहण्याचा पोशाख

पोहताना अंगावर काय असावे, हे बडोद्यात आधी पाण्याने ठरवले. लाजेचा आणि फॅशनचा विचार त्यानंतर आला. विश्वामित्रीच्या काठच्या या शहरात नदी, तलाव, पायऱ्यांची वाव आणि विहीर एवढीच पोहण्याची ठिकाणे होती, तोवर पोहण्यासाठी वेगळे कापड लागत नव्हते. रोजच्या वापरातले सुती वस्त्र आवळून नेसले की काम होई. चार भिंतींत साठवलेले, गाळून आणि क्लोरिन घालून पुन्हा पुन्हा वापरायचे पाणी आले, तेव्हा तेच सुती वस्त्र तलावाला त्रासाचे झाले. आज सार्वजनिक तलावाच्या फाटकावर 'नायलॉनचा पोशाख सक्तीचा' असे लिहिलेले दिसते, त्यामागचे कारण या बदलात आहे.

जुन्या बडोद्यात पाण्याची वाण नव्हती. शहराच्या मध्यभागी सूरसागर होता. त्याला पूर्वी चंदन तलाव म्हणत. अठराव्या शतकात तो खोल करून दगडाने बांधून काढण्यात आला. पुढे ज्या भागात लक्ष्मीविलास राजवाडा उभा राहिला, तिथली नवलखी वाव त्याहूनही जुनी, शिलालेखाप्रमाणे १४०५ सालची. गायकवाडांबरोबर देशावरून आणि कोकणातून आलेली मराठी कुटुंबे रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत स्थिरावली आणि पोहणे शिकवण्याची आपली रीत त्यांनी सोबत आणली. मुलाच्या कमरेला कासरा किंवा दोर बांधायचा, पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा रिकामा डबा लावायचा आणि विहिरीत सोडायचे. वरून कोणीतरी दोर धरून उभा राही. या रीतीत लंगोट नुसते वस्त्र नव्हता. कमरेचा दोर त्यावर बसे, त्यामुळे कातडीला काचत नसे आणि घट्ट बांधलेला लंगोट सूर मारतानाही सुटत नसे. मुटका मारून पाणी उडवणाऱ्या पोरांना यापेक्षा जास्त कापडाची गरजही नव्हती.

लंगोटाची बांधणी साधी, पण विचारपूर्वक केलेली. कमरेला वेढा, पायांमधून मागे नेलेली पट्टी आणि तिची खोच; शिवण जवळजवळ नाहीच. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा अधिक मजबूत होतो, म्हणून पाण्यात ताण पडला तरी लंगोट फाटत नसे. सुताचा दोष वेगळा. ते पाणी पिते, जड होते आणि उशिरा वाळते. लंगोटात कापडच थोडे असल्याने हा दोष जाणवत नसे. धोतर किंवा लुगडे नेसून पोहणाऱ्याला मात्र तो चांगलाच जाणवे.

पाण्यात अगदी विवस्त्र उतरू नये, हा दंडक जुना आहे. मनुस्मृतीतही नग्न स्नानाला मनाई आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला त्याचा प्रत्यक्ष अनुभव नर्मदेवर येई. चांदोदच्या संगमावर किंवा वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये जिथे समाधी घेतली त्या गरुडेश्वरी, पुरुष पंचा नेसून आणि स्त्रिया लुगडे नेसून बुडी मारत, आणि काठावर आल्यावर ओल्या वस्त्रावरूनच कोरडे नेसत. ओले न सोडता कोरडे नेसण्याची ही हातोटी पिढ्यान्‌पिढ्या घरात शिकवली जाई. कपडे बदलण्याच्या खोल्यांची उणीव तिने भरून काढली होती. नऊवारीचा काष्टा घातला की पाय मोकळे राहतात, म्हणून नदीकाठच्या कितीतरी मराठी बायका नऊवारीत पोहायला शिकल्या. पदर मात्र कमरेला घट्ट खोचावा लागे, नाहीतर त्यात हवा भरून तो फुगे, किंवा भिजून गळ्याभोवती गुंडाळला जाई. हे धोक्याचे होते आणि पोहणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होते.

शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीचा मात्र या कामी फारसा उपयोग नाही. तिच्या पात्रात मगरींची शेकडोंची वस्ती आहे, आणि पोशाख कोणताही असला तरी तिथे उतरण्याचे धाडस करू नये.

लंगोटाला प्रतिष्ठा मिळाली ती तालमीत. बडोदे हे मल्लविद्येचे मोठे केंद्र होते. खंडेराव महाराजांच्या दरबारात (१८५६ ते १८७०) पैलवानांना आश्रय होता. जुम्मादादांच्या आखाड्यातून पुढे त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी शरीरशिक्षणाची मोठी परंपरा उभी केली. सांघिक कवायतीला देशी भाषेतल्या आज्ञा देण्याचे त्यांचे काम देशभर पोहोचले. याच शहरातून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. त्याचे १० खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले. अशा वातावरणात उघडे अंग आणि लंगोट यांत कोणाला लाजण्यासारखे काही वाटत नसे. व्यायामाने कमावलेले शरीर लोकांसमोर यावे, अशीच धारणा होती. पुढे तलावावर पुरुषांसाठी आखूड, अंगाबरोबर बसणारी चड्डी आली, तेव्हा बडोद्यातल्या तालीमबाज पुरुषाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. लंगोटाच्या जागी तिला सहज जागा मिळाली. स्त्रियांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांच्यासाठी लुगडे आणि नवा पोशाख यांच्या मधली पायरीच नव्हती.

त्या काळात युरोपातले पोहण्याचे कपडे बडोद्याच्या लंगोटापेक्षा कितीतरी गैरसोयीचे होते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या स्त्रिया लोकरीच्या किंवा फ्लॅनेलच्या झग्यात, खाली पायघोळ विजार घालून समुद्रात उतरत. लोकर भिजली की लोंबते. ऑस्ट्रेलियाच्या ॲनेट केलरमन या जलतरणपटूने विसाव्या शतकाच्या आरंभी अंगाबरोबर बसणारा एकसंध पोशाख लोकप्रिय केला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरणाला प्रथम स्थान मिळाले, आणि सिडनीत १९२८ मध्ये 'स्पीडो' हे नाव शर्यतीच्या पोशाखाला लागले. सयाजीराव गायकवाड १८८७ पासून वारंवार युरोपला जात होते, त्यामुळे राजघराण्याला हे जग परिचयाचे होते. महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांनी १९१४ मध्ये पडदा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. तरीही राजवाड्यातून पडदा जाणे आणि शहरातल्या मुलीने चारचौघांत पोहण्याच्या पोशाखात उभे राहणे, यांत फार मोठे अंतर होते. ते राजाज्ञेने कापले जाण्यासारखे नव्हते.

शहराच्या पाण्याची व्यवस्था मात्र राजाज्ञेने बदलली. आजव्याचा जलाशय, म्हणजे सयाजी सरोवर, १८९२ मध्ये पुरा झाला आणि नळाचे पाणी शहरात आले. नळ आल्यावर विहिरींकडे जाणे कमी होत गेले. पोहणे शिकण्याची जुनी जागा अशी हळूहळू सुटली. तिची जागा बांधीव तरणतलावाने घेतली; गुजरातीत त्याला तरणकुंड म्हणतात. लालबाग, सरदारबाग, कारेलीबाग येथील महानगरपालिकेचे तलाव हे आज सर्वसामान्य बडोदेकराचे पोहण्याचे ठिकाण आहे. मे महिन्याच्या सुटीत अशा तलावावर मुलांची जी गर्दी होते, ती पाहिली की विहिरींनी सोडून दिलेली जबाबदारी कोणाकडे आली हे कळते.

बांधीव तलावाचे पाणी वाहत नाही. पंप ते ओढतो, वाळूच्या गाळणीतून नेतो, त्यात क्लोरिन मिसळले जाते आणि ते परत तलावात येते. तेच पाणी आठवड्यांमागून आठवडे फिरत राहते. म्हणून विहिरीत ज्याने काही बिघडले नसते, त्याने इथे बिघडते. सुती कापडाचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. कच्चा रंग उतरतो. अमेरिकेतल्या सार्वजनिक तलावांवर एकेकाळी रंगच न दिलेले सुती पोशाख वापरावेत, असा आग्रह याच कारणाने होता. दिवसभर अंगावर असलेल्या बनियनमध्ये आणि अर्ध्या चड्डीत घाम, धूळ आणि धुण्याच्या पावडरीचा अंश असतो. घामातले घटक क्लोरिनशी संयोग पावून क्लोरामाइन तयार होतात. तलावावर जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, त्याला लोक 'जास्त क्लोरिन' म्हणतात, पण बहुतेक वेळा दोषी ही क्लोरामाइनच असतात. केसांचे खोबरेल तेल पाण्यावर तवंग धरते. पोहण्याआधी शॉवर घ्या, टोपी घाला, नायलॉन नेसा, हे तिन्ही नियम एकाच गरजेतून आलेले आहेत. पाण्यावरचा भार कमी करायचा, एवढाच त्यांचा हेतू. पोशाखाच्या नियमाकडे बऱ्याच जणांनी केवळ सभ्यतेचा नियम म्हणून पाहिले, आणि त्यामुळे सलवार-कमीज किंवा टी-शर्ट घालून उतरणाऱ्याला अडवले की वाद झाले. कारण नीट समजावून सांगितले असते तर यांतले निम्मे वाद झाले नसते.

नायलॉन या कामाला का योग्य, हे आकड्यांतून दिसते. नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के बाष्प धरते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. कृत्रिम धाग्याचे कापड भिजून जड होत नाही, लवकर वाळते, त्याचे तंतू सुटत नाहीत. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत लायक्राचा शोध लागला आणि त्याच्या लवचिक धाग्याने पोशाख अंगाबरोबर ताणला जाऊ लागला. लंगोटाची घट्ट बांधणी जे काम करी, ते आता धागाच करू लागला.

या कहाणीत बडोद्याचा वाटा केवळ ग्राहकाचा नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये आली. गुजरात स्टेट फर्टिलायझर्सने बडोद्याच्या आपल्या कारखान्यात १९७४ पासून कॅप्रोलॅक्टम तयार करायला सुरुवात केली. नायलॉन-६ या धाग्याचा हाच मूळ कच्चा माल आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सने पॉलिएस्टरला लागणारे रसायन बनवले. आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीजच्या रणोलीच्या कारखान्यात १९७६ पासून मिठाच्या द्रावणात वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन निघू लागले. छाणी, बाजवा, रणोली, कोयली हा सगळा पट्टा शहराच्या एकाच अंगाला आहे. तलावाचे पाणी शुद्ध ठेवणारा क्लोरिन आणि पोशाखाच्या धाग्याचा कच्चा माल, दोन्ही एकाच परिसरात तयार होतात. दोघांचे आपसात मात्र जमत नाही. क्लोरिन लायक्राचा धागा हळूहळू ठिसूळ करतो, पोशाख सैल पडतो, पाठीमागे विरतो. म्हणून पाण्याबाहेर आल्यावर तो लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळत घालावा लागतो. रोज पोहणारे लायक्राऐवजी विशिष्ट पॉलिएस्टरचा पोशाख घेतात, तो क्लोरिनला अधिक काळ टिकतो.

स्त्रियांच्या पोशाखाची वाट याहून लांबची. भारताकडून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डॉली नझीर आणि आरती साहा पोहल्या. त्याच आरती साहांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पार केली, तेव्हा पोहण्याच्या पोशाखातल्या भारतीय मुलीचे छायाचित्र घरोघरच्या वर्तमानपत्रात गेले आणि ते अभिमानाने पाहिले गेले. खेळाडूसाठी हा पोशाख मान्य झाला, तरी हौसेने पोहणाऱ्या गृहिणीसाठी तो मान्य व्हायला आणखी काही दशके गेली. त्या मधल्या काळाची दोन उत्तरे निघाली. पहिले, स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ. सार्वजनिक तलावांवर महिलांच्या बॅचची पद्धत रुळली आणि असंख्य मध्यमवर्गीय बायका त्या तासामुळेच पोहायला शिकल्या. दुसरे, पोशाखातलाच बदल: खाली छोटा घेर असलेला फ्रॉकसारखा कॉस्च्युम, गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम, आणि पुढे मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पूर्ण पोशाख. सिडनीत २००४ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी तयार झालेली बुर्किनी याच जातीची. अंग किती झाकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. गाळणीला फरक पडतो तो कापडाच्या जातीने. बाह्यांचा नायलॉन-लायक्राचा पूर्ण पोशाख तलावाला चालतो, आखूड सुती चड्डी चालत नाही. हे लक्षात आल्यापासून वयस्क स्त्रिया, उन्हाने काळवंडण्याची भीती असलेल्या मुली आणि धार्मिक संकोच असलेली कुटुंबे एकाच तलावात उतरू लागली. नियमाने माणसे वगळण्याऐवजी आत घेतली, असे फार कमी वेळा घडते, आणि इथे ते घडले.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी नियम आणखी काटेकोर आहे. पॉलियुरेथेनचे, पाण्यावर तरंगायला मदत करणारे पोशाख वापरून २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून जागतिक संघटनेने त्यांवर बंदी घातली. आता स्पर्धेतल्या तलावात पुरुषांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असू शकतो, आणि तो विणलेल्या कापडाचाच हवा.

हॉटेलच्या तलावावर हिशेब थोडा निराळा. कारखान्यांमुळे देशोदेशीचे पाहुणे बडोद्यात येऊ लागले आणि मोठ्या हॉटेलांनी आवारात तलाव बांधले. तिथे बिकिनी आणि ट्रंकही चालते, पूर्ण पोशाखही चालतो. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतच्या सैल पोहण्याच्या चड्ड्या घातल्या तरी हरकत घेतली जात नाही, मात्र त्या कृत्रिम धाग्याच्या हव्यात आणि खिशात नाणी, चाव्या नसाव्यात. जीन्सची अर्धी चड्डी, आतले कपडे, साडी आणि ओढणी यांना तिथेही मज्जाव असतो. ओढणीला कारण सुरक्षिततेचे. पाण्यात ती शिडीत किंवा हातापायांत अडकते, जसा नर्मदेवर न खोचलेला पदर अडके. ज्यांच्याकडे योग्य पोशाख नाही त्यांना जलक्रीडेच्या उद्यानांत नायलॉनचे कपडे भाड्याने मिळतात.