मुलांच्या हातातील यंत्रविद्या

लहान मुलांना यंत्रविद्येची ओळख करून द्यावी असे कोणी म्हटले, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांना हसू येते. चौथीतल्या मुलाला पाढे नीट येईनात, तो पूल काय बांधणार, असे मीही पूर्वी म्हणत असे. परंतु हा उद्योग नवा नाही. त्याला आरंभ होऊन सव्वाशे वर्षे होत आली, आणि तो आरंभ करणारा गृहस्थ इंजिनियर मुळीच नव्हता.

त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी. लिव्हरपूल शहरी मांसाची आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर तो कारकून होता. घरी तो आपल्या मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या, याऱ्या अशी खेळणी करी. प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे कापावे लागत, आणि ते मोडले की वाया जात. तेव्हा त्याला सुचले की, पट्ट्या एकाच रुंदीच्या करून त्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर छिद्रे पाडली, तर तेच भाग आज पुलाला आणि उद्या यारीला उपयोगी पडतील. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. १९०७ साली तिला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. पुढे १९३४ साली मँचेस्टर येथे हार्ट्री आणि पोर्टर या दोघांनी मुख्यत्वे मेकॅनोच्याच भागांतून समीकरणे सोडविणारे यंत्र उभे केले. खेळणे म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे!

मात्र या खेळण्याला एक मोठी अडचण होती, ती किमतीची. पोलादी पट्ट्या आणि पितळी बोल्ट सामान्य घरात कोठून येणार? मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे एका दात्याने याच धर्तीचा एक पेटारा दिला. भाग हरवतील या भीतीने तो काचेच्या कपाटात कुलूपबंद राहिला. तपासणीच्या दिवशी तो पाहुण्यांना दाखवीत; मुलांना मात्र काचेतून.

या अडचणीतून वाट निघाली ती मध्य प्रदेशात. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचे कार्य आरंभिले. पुण्याच्या मोटार कारखान्यात नोकरीस असलेले अरविंद गुप्ता हे तरुण इंजिनियर १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले. त्यांनी गुल काढलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी एवढ्याच साहित्यातून मेकॅनोचे काम करून दाखविले. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की सांधा तयार. सगळा खर्च तेव्हा काय तो काही पैशांचा, आणि काडी मोडली तर कोणी रागावत नाही.

याविषयी वाचल्यावर मी भीतभीतच चौथीच्या वर्गात काड्या वाटल्या. मुलांनी प्रथम चौकोन केला. बोटाने दाबताच तो तिरका होऊन बसला. मग त्रिकोण केला. तो काही केल्या हलेना. एका मुलीने आपण होऊन चौकोनात कोनाकोनी काडी बसविली आणि ओरडली, “गुरुजी, आता हा पण हलत नाही!” कारण उघड आहे. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरतात; चौकोनाचे मात्र सांध्यावर फिरू शकतात. रेल्वेच्या लोखंडी पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात जिकडे तिकडे त्रिकोण दिसतात ते याचमुळे. हे मी सांगण्यापूर्वीच दोन मुले छताच्या कैचीकडे माना वर करून पाहू लागली होती. त्या दिवशी भूगोलाचा तास बुडाला, हे मी कबूल करतो.

होशंगाबादचा तो उपक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला, परंतु २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. गुप्ता यांनी नंतर पुण्यात आयुका या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून शिकविण्याचे काम अनेक वर्षे केले.

आमच्या शाळेतील पेटारा मी निवृत्त झालो त्या दिवशीही कपाटातच होता. त्यातला एकही बोल्ट हरवला नव्हता.