बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कोणाच्या स्तुतीसाठीं वापरली जात नाहीं. ज्याला आज येथें तर उद्यां तेथें असें हिंडावें लागतें, ज्याचा सारा संसार एका बोचक्यांत मावतो, त्याच्याविषयीं कीव किंवा थट्टा व्यक्त करावयाची झाली म्हणजे आपण ती उच्चारतों. अमेरिकेंत मात्र गेल्या शंभर वर्षांत अशा बिऱ्हाडाला एक निराळीच प्रतिष्ठा आली. तेथें असंख्य सुखवस्तु गृहस्थांनीं सुटीच्या दिवशीं फळ्या कापून व बोल्ट आवळून मालमोटारीच्या पाठीवर एक खोली उभारली, तींत बिछाना, चूल, पाण्याची टांकी अशी सारी सोय केली, आणि बायकामुलांसह मोठ्या हौसेनें ते रस्त्याला लागले. मालमोटारीवरील या खोलीला आज 'ट्रक कँपर' असें नांव आहे.

विषय वरवर पाहतां सुतारकामाचा व सहलीचा वाटेल. परंतु त्याच देशांत, त्याच रस्त्यांवरून, तशाच फळ्यांचीं व तशाच मोटारींचीं बिऱ्हाडें उपासमारीमुळेंही निघालेलीं आहेत. बांधणी सारखीच, वाटेंत झालेलें स्वागत मात्र सारखें नव्हतें. तें कां, हा प्रश्न मनांत ठेवून आम्ही वाचकांपुढें हा इतिहास मांडीत आहों.

चालत्या घराचें अमेरिकन माणसाला मुळीं नावीन्य नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत कमानदार कापडी छपराच्या गाड्यांना बैल किंवा खेचरें जुंपून हजारों कुटुंबें पश्चिमेकडे वस्तीस गेलीं, व तिची आठवण घरोघर सांगितली जात होती. तिला नवें वाहन मिळालें तें १९०८ सालीं. त्या वर्षीं हेन्री फोर्ड यानें 'मॉडेल टी' मोटार विक्रीस काढली. आरंभीं तिची किंमत साडेआठशें डॉलरांच्या आसपास होती. १९२५ पर्यंत तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरांस मिळूं लागला. १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तोंवर अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या होत्या. मोटार ही श्रीमंतांची मिरासदारी राहिली नाहीं. शेतकरी, शिक्षक, दुकानांतील कारकून, सारेच तिचे मालक झाले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें १९१७ हें साल अधिक महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं फोर्ड कंपनीनें एक टन भार वाहणारी 'मॉडेल टीटी' ही मालमोटार काढली. कंपनी प्रारंभीं तिचा केवळ सांगाडा विकीत असे. एंजिन, चाकें, आंस, कमानपाटे व पोलादी चौकट एवढेंच ग्राहकाच्या हातीं पडे. त्यावर दूध वाहून नेण्याची पेटी बसवावयाची कीं गवताचा हौदा, हें ज्याचें त्यानें ठरवावें, आणि स्वतः किंवा गांवच्या सुतार-लोहाराकडून बांधून घ्यावें. पुढें १९२५ च्या एप्रिलांत मागें तयार हौदा बसविलेली लहान गाडीही कंपनीनें २८१ डॉलरांस देऊं केली. कारखान्यानें आपलें काम असें अर्ध्यावर सोडल्यामुळें घरगुती कारागिरीला वाव मिळाला. ज्या चौकटीवर दुधाचीं पात्रें राहूं शकतात तिच्यावर चार खाटा कां राहूं नयेत, हा विचार कोणाही खटपटी गृहस्थास सुचण्यासारखाच होता.

तथापि हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. जमिनीवरील घर आपल्या पायावर निश्चल उभें असतें. मोटारीवरील घराचा पायाच हलत असतो. एक चाक खळग्यांत गेलें कीं सारी चौकट पिळवटते, आणि तिच्यावर घट्ट बसविलेली लांकडी पेटीही तिच्याबरोबर पिळवटूं लागते. नुसत्या खिळ्यांनीं जोडलेले सांधे शेंदोनशें मैलांत सैल होतात, फटी पडतात, व पहिल्याच पावसांत पाणी अंथरुणावर ठिबकतें. म्हणून जाणता कारागीर खिळ्यांऐवजीं स्क्रू व बोल्ट वापरी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारी, आणि छपराच्या फळ्यांवर जाड कापड ताणून त्याला तेलरंगाचे हात देई.

दुसरा शत्रु वजनाचा. मॉडेल टीचें एंजिन अवघें वीस अश्वशक्तीचें. पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असून पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे वाहत असे; त्यामुळें टांकी रिकामी होत आली असतां उभा चढ लागला म्हणजे गाडी फिरवून ती उलटी, मागच्या बाजूनें, चढवावी लागे. अशा वाहनावर शिसवी कपाट चढविणारा गृहस्थ पहिल्या घाटांतच शहाणा होई. जड वस्तु तळाशीं ठेवावी आणि ती मागच्या आंसाच्या फार मागें जाऊं देऊं नये, नाहीं तर पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूं हातांत राहत नाहीं, हा धडा प्रत्येकास आपल्या अनुभवानें गिरवावा लागला.

आंतल्या मांडणींत तर प्रत्येक वस्तूला दोन कामें करावीं लागत. दिवसाचें बांक रात्रीं पलंग होई, व त्याच्या पोटांत कपडे राहत. मेजाला बिजागरी लावून तें भिंतीशीं मिटवीत. पाण्याची टांकी उंचावर ठेवली म्हणजे पंपावांचून तोटीला पाणी येई. कोळसा किंवा घासलेट जाळावयाचें तर वरच्या अंगास झरोका हवाच. एरव्हीं बंद पेटींतील धूर झोंपलेल्यांच्या जिवावर बेते. ज्या स्त्रिया प्रशस्त स्वयंपाकघरांत वावरल्या होत्या त्यांनीं हात न हलवितां सर्व डबे हातीं येतील अशी ही हातभर जागा लावून दाखविली, याचें श्रेय त्यांना क्वचितच कोणी दिलें आहे.

या छंदाला लोकमान्यता मिळवून देण्यांत मोठ्या माणसांचाही हात होता. १९१५ ते १९२४ या काळांत फोर्ड, संशोधक एडिसन, रबराचे कारखानदार फायरस्टोन आणि, १९२१ सालीं निधन होईपर्यंत, निसर्गलेखक जॉन बरोज हे उन्हाळ्यांत एकत्र रानोमाळ हिंडत व स्वतःस 'भटके' म्हणवीत. १९१९ च्या त्यांच्या सफरींत स्टोव्ह व बर्फाची पेटी बसविलेली स्वयंपाकाची मोटार होती आणि तिच्याबरोबर आचारीही होता. १९२१ सालीं खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग या भटक्यांच्या मुक्कामास येऊन राहिले. सामान्य लोकही मागें राहिले नाहींत. १९१९ सालींच फ्लॉरिडांतील टँपा शहरीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही हौशी प्रवाशांची संस्था निघाली. रेडिएटरच्या झांकणावर पत्र्याचा डबा डकविणें ही त्या मंडळींची खूण होती.

अशा पाहुण्यांना प्रथम गांवोगांव मान मिळाला. प्रवासी उतरले म्हणजे चार पैसे गांवांत खर्च करतील, या आशेनें १९२० नंतर शेंकडों नगरांनीं पाणी, चूल व दिवे यांची सोय असलेले मोफत तळ उघडले. परंतु मोटार आणखी स्वस्त झाली, जुन्या गाड्या कवडीमोलानें मिळूं लागल्या, आणि या तळांवर कामाच्या शोधांत फिरणारीं कुटुंबेंही येऊन उतरूं लागलीं. त्यांच्याही गाडीवर पेटीच होती; पण तिच्या मागें गांवीं घर नव्हतें. लौकरच अनेक नगरांनीं तळांना भाडें लावलें व मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली. नको असलेला पाहुणा दूर राहावा, हा त्यांतील हेतु कोणी फारसा लपविलाही नाहीं.

यानंतरचें दशक या भेदाची कसोटी ठरलें. मंदी, अवर्षण व धुळीचीं वादळें यांनीं मध्य अमेरिकेंतील शेती बुडाली, आणि लाखों लोक घरें सोडून निघाले. त्यांतील पुष्कळांनीं कॅलिफोर्नियाची वाट धरली. हें स्थलांतर ज्यानें शब्दांत उभें केलें तो लेखक जॉन स्टाइनबेक. १९३६ सालीं त्यानें पावरोटी वाहणारी एक जुनी मोटार घेतली, तिच्यांत झोंपण्याची गादी टाकली, आणि त्या खडखडत्या गाडींतून तो या निर्वासितांच्या छावण्यांत हिंडला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकांत त्याची लेखमाला आली, व १९३९ सालीं 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

या कादंबरींतील जोड कुटुंबाचें वाहन म्हणजे घरगुती बांधणीच्या कँपराची करुण प्रतिमाच होय. हडसन कंपनीची एक जुनी मोटार. पुढच्या बैठकीमागें तिचें टप कापून टाकलेलें, आणि मागें लांकडी हौदा जोडलेला. त्यांत गाद्या, भांडीं, खारविलेलें डुकराचें मांस आणि बारातेरा माणसें. काय न्यावें व काय टाकावें याचा निवाडा कुटुंबाची माता करते, आणि जुन्या पत्रांची पेटी चुलींत घालते. हौशी प्रवाशालाही वजन कमी करावें लागे, पण तो वगळलेली वस्तु घरच्या माळ्यावर ठेवून निघे. वाळवंट ओलांडतांना रात्रीं म्हातारी आजी याच हौद्यांत मरते, आणि नाक्यावर गाडी अडकूं नये म्हणून माता प्रेताशेजारीं मुकाट्यानें पडून राहते.

नाक्याची ही भीति कादंबरीकाराच्या कल्पनेंतून आलेली नव्हती. १९३६ च्या फेब्रुवारींत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानें आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठवून निर्धन दिसणाऱ्या प्रवाशांस परत फिरविण्यास आरंभ केला होता. शिवाय परराज्यांतील कंगाल मनुष्यास कॅलिफोर्नियांत आणणें हा तेथील कायद्यानें गुन्हाच होता. फ्रेड एडवर्ड्स या रहिवाशानें टेक्ससमधून आपल्या निर्धन मेहुण्याला स्वतःच्या मोटारींतून आणलें, म्हणून त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यांत आली, एवढाच दिलासा. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजीं न्यायाधीशांनीं एकमतानें तो कायदा रद्द ठरविला. बहुमताचा आधार राज्याराज्यांतील व्यापाराचा होता. परंतु न्यायमूर्ति डग्लस यांनीं स्वतंत्र निकालपत्रांत लिहिलें कीं, माणसांच्या ये-जा करण्याच्या हक्काला गुरें, फळें, पोलाद व कोळसा यांच्या वाहतुकीहून वरचें स्थान आहे. गरिबाच्या पाठीवरील बिऱ्हाडाला कायद्यानें दिलेला हा पहिला मोठा मान म्हणावयास हरकत नाहीं.

महायुद्धानंतर सुबत्ता आली, आणि हौशी कँपर नव्या रूपांत अवतरला. प्लायवुड व ॲल्युमिनियमचा पत्रा सुलभ झाल्यानें पेटी हलकी झाली. नळकांड्यांत भरलेल्या गॅसनें चूल व दिवा यांचा प्रश्न सुटला. चालकाच्या टपावर पुढें आलेला पलंग बसवून जागाही वाढविण्यांत आली. १९६० सालीं तोच स्टाइनबेक, आतां कीर्ति व धन दोन्ही मिळवून, पुन्हां प्रवासास निघाला. या वेळीं त्यानें कारखान्यास पत्र लिहून मालमोटार व तिच्यावर लहान नौकेच्या खोलीसारखें घर करवून घेतलें. दुहेरी पलंग, चार ज्वालांची शेगडी, शीतपेटी, सारें त्यांत होतें. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्यानें त्याला 'रोसिनांते' हें नांव दिलें, आणि चार्ली नांवाच्या कुत्र्यासह सुमारें दहा हजार मैलांची फेरी केली. जो कोणी हें वाहन पाही त्याच्या डोळ्यांत निघून जाण्याची ओढ दिसे, असें त्यानें १९६२ च्या आपल्या प्रवासवर्णनांत सांगितलें आहे. पुढील संशोधनानें असेंही दाखविलें कीं, त्या प्रवासांतील पुष्कळशा रात्री त्यानें हॉटेलांत काढल्या. यांत त्याला दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. कंटाळा आला असतां गाडी सोडून हॉटेलांत जातां येणें, हेंच तर हौशी प्रवाशाचें लक्षण होय. जोड कुटुंबाला ही मुभा नव्हती.

रोसिनांते आज कॅलिफोर्नियांत सॅलिनास येथील संग्रहालयांत आहे. रस्त्यावरील बिऱ्हाडें मात्र थांबलेलीं नाहींत. २००८ च्या मंदीनंतर घरें गमावलेले अनेक वृद्ध लोक जुन्या मोटारींत खाट व शेगडी बसवून हंगामी मजुरीसाठीं गांवोगांव फिरूं लागले; त्यांची हकीकत जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ सालच्या पुस्तकांत आली आहे. आणि २०२४ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, सार्वजनिक जागीं मुक्काम करून झोंपणाऱ्यांस दंड करणारे नगरांचे नियम घटनेनें निषिद्ध केलेल्या क्रूर शिक्षेंत मोडत नाहींत.

हे दोन निर्णय शेजारीं ठेवले असतां आमच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें मिळतें. १९४१ सालीं निर्धन माणसाला सीमा ओलांडून जाण्याचा हक्क मिळाला. पण रात्र पडल्यावर त्यानें गाडी कोठें उभी करावी, याचें उत्तर १९२० नंतरच्या तळांपासून आजपर्यंत त्याला कोणी निश्चितपणें दिलेलें नाहीं. हौशी प्रवाशाला हा प्रश्न पडत नाहीं, कारण तो भाडें देऊं शकतो, आणि त्याच्या खिशांत दुसऱ्या एका दाराची किल्ली असते.

आमच्या वाचकांपैकीं कोणी हौसेनें असें चालतें घर बांधावयास घेतलें तर त्यांचें आम्ही अभिनंदनच करूं. हातांना काम देणारा व कुटुंबाला एकत्र आणणारा असा छंद विरळा. परंतु ऊसतोडणीसाठीं दर वर्षीं मराठवाड्यांतून भांडींकुंडीं, लेंकरें व शेळ्या घेऊन निघणारीं बिऱ्हाडें आपल्याही रस्त्यांवर दिसतात. त्यांना पाहून विंचवाची म्हण ओठांवर आलीच, तर ती उच्चारण्यापूर्वीं आज रात्रीं हीं माणसें कोठें उतरणार आहेत, एवढें विचारून पाहावें.